भगोणं मी देणार नाही

मंगल,

तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं, पण ते काम घाटावर उरकलं आहे. ज्याच्या त्याच्या हातात माइक गेला आणि ज्याला त्याला तू सोशिक वाटलीस. सोशिक! तू! माझ्या शेजारी उभ्या असलेल्या तुझ्या दादांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तशाही वेळी ठसका लागला. मी त्यांना कोपर मारलं, नाहीतर मलाच हसू फुटलं असतं, आणि मोठी जाऊ धाकटीच्या दहाव्याला हसली हे गावाने जन्मभर लक्षात ठेवलं असतं.

तेव्हा चांगलं बोलणं पुरे. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे, मला ते पुढे न्यायचं आहे. कशावरून ते गावात कुणाला सांगायची गरज नाही. पडवीच्या कोपऱ्यात पालथं घातलेलं माझं पितळी भगोणं. शंभर पानांची आमटी ज्यात एका वेळी शिजायची ते. ते घरातून काढायचं, असं तू म्हणत होतीस. मी नाही म्हणत होते. आजही नाहीच म्हणते आहे.

तू घर आवरायला लागलीस ती एका सापामुळे, हे मी सगळ्यांना सांगते आणि कुणाला खरं वाटत नाही. दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या तेव्हा पुरुषांनी शेत मोजलं, विहिरीच्या पाळ्या ठरवल्या, गोठा कुणाचा आणि ट्रॅक्टर कुणाचा ते ठरवलं. माळ्याकडे मात्र कुणी मान वर करून बघितलं नाही. तो दोन्ही घरांचा एकच राहिला. गोधड्यांची चळत, ठिबकच्या फाटक्या नळ्या, पाय मोडलेल्या खुर्च्या, वास्तुशांतीला आलेली भिंतीवरची घड्याळं, तीही अजून खोक्यातच, आणि या सगळ्यावर आहेराचे ढीग. टोप्या, टॉवेल, उपरणी, ब्लाऊजपीस, घडीही न मोडलेल्या साड्या. तू पाहुण्यांसाठी एक गोधडी ओढलीस आणि तिच्यामागे नाग बसला होता.

दुसरी कुणी असती तर किंचाळून शिडीवरून पडली असती. तू हळूच खाली उतरलीस, ओट्यावर येऊन बसलीस आणि म्हणालीस, "अक्का, इतकी वर्सं आपन त्याचं घर सांभाळत हुतो. आनि आपल्याला वाटत हुतं आपलं हाय."

सर्पमित्र येऊन त्याला बरणीत घालून घेऊन गेला. दत्तूभाऊजी, तुझा नवरा, घाबरून गेले होते. रविवारी ट्रॉली लावतो आणि सगळा माळा एकदम खाली करतो म्हणाले. तू नको म्हणालीस. "एकदम भरला न्हाई, एकदम रिकामा कशाला? ट्रॉलीत टाकलं की काय टाकलं ते कुनी बघत न्हाई. मला बघून काढायचंय." तुझं हे बोलणं मला तेव्हा निव्वळ चिकटपणाचं वाटलं होतं. ट्रॉली आली असती तर एका दुपारीत माझं भगोणंही गेलं असतं, हे मला पुढे उमगलं. त्याबद्दल तुझे आभार, आता सांगून काय उपयोग असला तरी.

मग तुझा नियम सुरू झाला. सकाळी डेअरीला दूध घालायला जाताना एका हातात कॅन आणि दुसऱ्या हातात घरातली एक वस्तू. जाताना कुणाला तरी द्यायची, येताना तो हात रिकामाच असला पाहिजे. एका दिवशी दोन वस्तू नाहीत आणि खाडाही नाही. पाहुणे असोत, पाऊस असो, गाय व्यायला टेकलेली असो. डेअरीच्या रांगेतल्या बायका कॅनकडे न बघता तुझ्या दुसऱ्या हाताकडे बघायला लागल्या. दूध मापणारा संजय रोज एकच विचारायचा, "मंगलकाकू, आज काय आनलं?"

घड्याळांची तर तू मजाच केलीस. एक डेअरीत, एक मारुतीच्या देवळात, एक सलूनमध्ये, एक माझ्या अंगणवाडीत. सगळी वास्तुशांतीची आणि दोन एकसारखी चालतील तर शपथ. गावात कुणी वेळ सांगितली की लोक विचारायला लागले, मंगलच्या कुठल्या घड्याळाची? मी अंगणवाडीतून निवृत्त झाले तरी ते घड्याळ तिथे अजून चालू आहे आणि अजून पुढे आहे. पोरांना लवकर सोडता येतं म्हणून नव्या बाईंनी ते कधी मागे केलं नाही.

मी तुला सामील नव्हते, हे लिहून ठेवते, कारण घाटावर कुणीतरी आपल्या दोघींना एका जिवाच्या दोन जावा म्हणाला. तू काढायचीस आणि मी कुरकुरायची. तू माळ्यावरचं शेवयांचं मशीन पलीकडच्या आळीत देऊन आलीस तेव्हा मी तडक जाऊन परत आणलं. "घरच्या शेवया त्या घरच्या शेवया," असं तुला सुनावलंही. दुसऱ्या दिवशी शेवया घालायला बसले. दांडा फिरवून फिरवून खांदा असा धरला की संध्याकाळी केस विंचरता येईनात. तू खोबरेल तेल कोमट करून आणलंस, खांदा चोळून दिलास आणि एक अक्षर बोलली नाहीस. सकाळी ते मशीन मी मुकाट्याने तुझ्या कॅनजवळ नेऊन ठेवलं. तेव्हाही तू काही बोलली नाहीस, पण डेअरीपर्यंत हसत गेलीस असं मला संजयकडून कळलं.

आणि तो टॉवेल. तो तुला सापडला नसता तर पुढचं काही घडलंच नसतं. माळ्याच्या अगदी तळाशी, टोपीसकट पिशवीत बंद असलेला पांढरा टॉवेल. आतल्या चिठ्ठीवर माझ्या अक्षरात आपलंच आडनाव आणि आपलंच गाव. कोपरगावला माझ्या मावसभावाच्या पोराच्या लग्नात मीच दिलेला आहेर! तो तिथून कुणाच्या लग्नात गेला, तिथून कुणाच्या जावळाला, देव जाणे, आणि हिंडत हिंडत आपल्याच माळ्यावर येऊन बसला. चिठ्ठी काढायचेही कष्ट कुणी घेतले नव्हते. आपण दोघी माळ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग तुझं हसणं थांबलं आणि तुला राग आला.

"एवढ्या गावांत गेला आनि यानं एका मानसाचं अंग पुसलं न्हाई," तू म्हणालीस. "घेनाऱ्याला नको, देनाऱ्याला नको. मग हे चाललंय कुनासाठी?"

त्या दिवशी तू ठरवलंस, यापुढे आहेर द्यायचा नाही आणि घ्यायचा नाही. घरातून रोज एक काढायचं आणि दर लग्नसराईला पोतंभर भरायचं, याला तू भोक असलेल्या घागरीत पाणी भरणं म्हणायचीस. मी म्हणायची, अगं उलटं झालं, घागर भरतेय आणि तू भोक पाडतेयस. तुला ते पटलं होतं, पण मान्य करशील ती मंगल कसली.

माझ्या लेकीच्या लग्नात तू ते करून दाखवलंस. पत्रिकेवर 'आहेर स्वीकारले जाणार नाहीत' असं छापलं होतं. ते सगळेच छापतात आणि सगळेच घेतात. ती छपाई खरी मानणारी सगळ्या तालुक्यात तू एकटी. मांडवाच्या तोंडाशी उभी राहिलीस आणि एकेकाला हात जोडून परत धाडलंस. भावकीतले सगळ्यात थोरले आबा, आपले चुलत सासरे, तुझ्या दादांसाठी टोपी-उपरणं घेऊन आले, तर त्यांनाही. "आबा, पोटभर जेवून जा. टोपी तेवढी माघारी न्या." आबा टोपी घेऊन वळले आणि न जेवता गेले. मी तुला सगळ्या बायकांसमोर बोलले. माझ्या लेकीचं लग्न आहे, तुझं आंदोलन नाही, असं काहीतरी. तू शांतपणे म्हणालीस, "अक्का, मी चुकीचं वागले का?" चुकीचं वागली नव्हतीस. पण माझ्या दारात वागली होतीस! या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे मी तुला पटवायचा प्रयत्न करत राहिले आणि ते पटवायचं राहूनच गेलं.

आबांनी त्यानंतर तुझ्याशी बोलणं टाकलं. तू मात्र त्यांच्या घरी दर वेताला खरवसाचा डबा पाठवत राहिलीस, आणि डबा रिकामा परत यायचा. म्हणजे खरवसाशी त्यांचं वैर नव्हतं.

भगोण्याचं भांडण या सगळ्याच्या आधीपासूनचं आणि या सगळ्याच्या नंतरचंही. माझ्या वडिलांनी ते माझ्या लग्नात दिलं, कोपरगावहून वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये घालून आणलं. या घरातली किती बारशी, किती जावळं, किती वर्षश्राद्धं त्यात शिजली. तुझ्या स्वतःच्या लग्नाची आमटी त्यातच शिजली. मीच ढवळायला उभी होते आणि तू हळदीच्या अंगाने खिडकीतून बघत होतीस. मग केटरर आले. ते आपली भांडी घेऊन येतात आणि आपली भांडी घेऊन जातात. भगोण्याची कल्हई उडाली, आंबट घातलं तर कळकायला लागलं, म्हणून मीच ते पडवीत पालथं घातलं.

"अक्का, देवळात द्या," तू म्हणायचीस. "भंडाऱ्याला तरी व्हईल. इथं पालथं पडून काय करतंय?"

"पडू दे. माझं आहे."

"तुमचं हाय म्हनून तर तुमी द्यायचं. माझं असतं तर मी कवाच दिलं असतं."

"म्हणूनच ते तुझं नाही."

इथपर्यंत आलं की तू उठायचीस, पदर खोचायचीस आणि जाता जाता भगोण्याच्या पाठीवर टिचकी मारायचीस. तो टणत्कार मला सगळ्या घरभर ऐकू यायचा. माझी वस्तू तू कधी न विचारता हलवली नाहीस, हे मात्र खरं. माळा सगळा काढलास, स्वतःचं कपाट काढलंस, दत्तूभाऊजींचे कॉलेजातले बूट काढलेस. भगोण्याला फक्त टिचकी.

आणि मग ती पिकअपमधली गोष्ट. संगमनेरला एका दहाव्याहून येत होतो. मागे आपण बायका-बायका, आणि प्रत्येकीच्या मांडीवर दुखवट्याच्या टोप्या-टॉवेलांच्या पिशव्या. तू त्या पिशव्यांकडे बघत म्हणालीस, "अक्का, माझ्या दहाव्याला हे घरात येऊ द्यायचं न्हाई. माळा मी टॉवेलांसाठी रिकामा केला न्हाई." मी म्हणाले, मोठी मी आहे, आधी मी जाणार, तू माझं बघ. तू म्हणालीस, "बरं. जी मागं राहील तिनं बघायचं." बायका हसल्या. मीही हसले. मी त्यावर हो म्हणाले की नाही, ते मला आठवत नाही. म्हणाले नसेन बहुतेक, कारण मला त्यात काही होण्यासारखं वाटलंच नव्हतं.

तू दूध घालून आलीस, ओट्यावर बसलीस, पाणी मागितलंस. मी तांब्या घेऊन येईपर्यंत तू भिंतीला टेकली होतीस. त्यापलीकडे मी लिहिणार नाही.

तू गेल्यावर बायका तुझ्या साड्या वाटायला आल्या, रीत असते म्हणून. कपाट उघडलं आणि सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. नेसायच्या मोजक्या साड्या, एक स्वेटर, एक छत्री. बास. पलीकडच्या आळीतली एक म्हणाली, "काय बाई, किती साधी हुती." मला तिचा राग आला आणि तिच्याहून जास्त तुझा. अगं, इतकी कशी रिकामी झालीस? काहीतरी ठेवायचं होतंस. एखादा फुटका कंगवा, एखादी मोडकी पर्स, ज्याला मी चिडून म्हणू शकले असते की बघा, हिने हे टाकलं नाही! माझ्या हाताला लागेल असं काही तू मागे ठेवलं नाहीस. माझ्यासाठी उरलं ते फक्त हे भांडण, आणि ते कुणी माझ्याकडून काढून घ्यायचं नाही.

घेणारे होते ना. त्याचीच तर गोष्ट आहे.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा येईना. ऊन चढलं. तुझा रोहन नागापूरच्या कंपनीतून सुट्टी घेऊन आलेला, डोकं भादरलेलं, त्या उन्हात उभा. तो हात जोडून म्हणाला, आई, तू म्हणशील त्या मुलीशी लग्न करीन. कावळा आला नाही. दत्तूभाऊजी म्हणाले, गोठ्यातली एक बी गाय इकनार न्हाई. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, पण खाली येत नव्हते. एवढी माणसं, एवढा कर्णा, ते तरी कसे येतील? मग सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. तू असतीस तर तुला ते फार आवडलं असतं.

आबा पुढे आले. तुझ्याशी न बोललेले आबा तुझ्या पिंडापुढे माझ्याशी बोलले. "थोरले, ते भगुनं. देते म्हन. सगळ्या गावाला म्हाईत हाय तिचा जीव त्याच्यात व्हता."

"तिचा न्हाई, माझा हाय," मी म्हणाले. घाटावर मी कधी नव्हे ते गावच्या बोलीत बोलले.

"नुसतं म्हनायला काय जातंय? म्हन आनि मोकळी हो."

मंगल, खरंच, नुसतं म्हणायला काहीच जात नव्हतं. ओठ हलवायचे आणि सगळ्यांनी घरी जेवायला जायचं. पण मी आयुष्यभर तुझ्याशी तोंडावर भांडले. तुझ्या पिंडापुढे पहिल्यांदा खोटं बोलायचं, तेही तुला घालवायला? तुला ते आवडलं नसतं. देते म्हणून न देणारी माणसं तुझ्या किती डोक्यात जायची. मी मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मंगल, भगोणं मी देणार नाही. पण तू पिकअपमध्ये सांगितलेलं करीन." कावळा तरीही आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि विधी उरकला.

आता गावात म्हणतात, अक्काच्या हट्टापायी मंगल अडकून पडली. म्हणू देत. तू अडकशील कुठे? चार साड्या आणि एक छत्री मागे ठेवणारी बाई भगोण्यात अडकते होय? आणि अडकलीच असलीस, तर माझ्यापाशी अडकली आहेस. मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

घाटावरून घरी आलो. अंगणात मांडव होता. दुखवट्याच्या पिशव्या घेऊन पाहुणे आत यायला लागले आणि मी तुझ्या जागी जाऊन उभी राहिले, मांडवाच्या तोंडाशी. पाय कापत होते. तुझे कधी कापलेले मी बघितले नव्हते. कापत असतीलही, तू साडी जमिनीला टेकवून नेसायचीस. मी हात जोडून म्हणत राहिले, तिने नको सांगितलंय, जेवून जा, हे माघारी न्या. तुझ्या माहेरच्यांनी ऐकलं. तुझा भाऊ रडला आणि पिशवी गाडीत ठेवून आला. आबा मात्र थांबले.

"लगीन वेगळं आनि मरन वेगळं," ते म्हणाले. "दुखवटा माघारी फिरवत न्हाईत. लोक थुकतील."

"थुंकू देत."

"तू बी तिच्याच वळनावर गेली."

"व्हय आबा, गेले."

मग दत्तूभाऊजी आले, डोळे सुजलेले. "अक्का, जाऊ द्या. लोकांचं मन मोडू नका." मी विचारलं, "आणि तिचं?" पण मी त्यांच्याशी बोलत होते तेवढ्यात मागून लोक आत गेले, आणि जेवणं होईपर्यंत ओसरीवरच्या खाटेवर ढीग लागला होता. टोप्या, टॉवेल, साड्या. कुणी ठेवल्या ते कळायला मार्ग नाही. समोरून नाही म्हटलं तर मागून ठेवून जातात, हा हिशेब मी केलाच नव्हता. तू असतीस तर पिशव्या घेऊन एस.टी.च्या थांब्यापर्यंत लोकांच्या मागे धावली असतीस. मी तिथेच खाटेशेजारी बसले. मला हरल्यासारखं झालं.

मांडव रिकामा झाल्यावर भाऊजी म्हणाले, "माळ्यावर टाकून येतो. मग बगू."

मी उठलेच. "माळ्याला हात लावायचा नाही." माळा तू स्वतः झाडून सारवून ठेवला होतास. तिथे आता पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन पडतं, बाकी काही नाही. एकदा 'मग बघू' म्हणून काही वर गेलं की ते पुन्हा खाली यायला साप लागतो. पण खाटेवर तरी किती दिवस राहणार? मी इकडेतिकडे बघितलं आणि पडवीत गेले. भगोण्याच्या दोन्ही कड्या धरल्या आणि ते सुलटं केलं.

आत लख्ख कल्हई होती.

मला आधी काही उमगेना. हात घालून बघितला. गार, गुळगुळीत, माझ्या लग्नात होती तशी चांदीसारखी. माझा चेहरा त्यात वेडावाकडा दिसला. पितळी पाठीवर नेहमीचीच धूळ, आणि आतून नवं भांडं.

"भाऊजी, हे काय?"

भाऊजी तिथेच खाली बसले. "तुमी लेकीच्या बाळंतपनाला पुन्याला गेल्ता तवा. पिकअपमधी घालून संगमनेरला नेलं तिनं, मी व्हतो संगं. तिथं एक म्हातारा कल्हईवाला बसतो अजून. अक्काला सांगू नका म्हनली."

"द्यायचं होतं म्हणून केली, का ठेवायचं होतं म्हणून?"

"म्या बी तेच इचारलं. तर म्हनली, आधी कल्हई तर हुऊ द्या."

एवढंच. पुढे काही नाही. अगं बये, एक वाक्य पुढे बोलली असतीस तर तुझं काय जात होतं? भंडाऱ्यात आमटी कळकू नये म्हणून केलीस, की माझ्यासाठी केलीस? एवढा मोठा ऐवज उचलून नेलास, उजळून आणलास, होता तसा पालथा घातलास, आणि वर रोज येता-जाता टिचकी मारून 'अक्का, देऊन टाका' म्हणत राहिलीस! माझी वस्तू न विचारता एकदाच हलवलीस ती अशी. मी भगोण्यात डोकं घालून रडले. माझा आवाज आत घुमला आणि बाहेर बसलेल्या भाऊजींना वाटलं मी कुणाशी तरी बोलते आहे.

मग आम्ही दोघांनी खाटेवरचं सगळं भगोण्यात भरलं. टोप्या, टॉवेल, साड्या, वरपर्यंत. शंभर पानांचं भांडं ते, सगळं पोटात घेतलं त्याने. वर परात झाकली. माळ्यावर काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुझ्या गाईंचं दूध घेऊन डेअरीला मी गेले. भाऊजींना उठवत नव्हतं. एका हातात कॅन आणि दुसऱ्या हातात भगोण्यातला वरचा टॉवेल. संजयने माझ्या कॅनकडे बघितलं, मग माझ्या दुसऱ्या हाताकडे, आणि त्याला बोलवेना. मीच म्हणाले, "विचार की रे."

"अक्का, आज काय आनलं?" तो म्हणाला आणि मान खाली घालून दूध मापायला लागला.

टॉवेल रांगेतल्या ऊसतोडीवाल्या बाईला दिला. तिने तिथेच पिशवी फोडली आणि काखेतल्या पोराचं तोंड पुसलं. मी बघत उभी राहिले. तुला सांगायला पाहिजे म्हणून नीट बघून घेतलं. त्या टॉवेलाने एका माणसाचं तोंड पुसलं, मंगल.

तेव्हापासून रोज जाते. एका दिवशी एकच, खाडा नाही. काल आबांची टोपी निघाली; तेवढ्या पिशवीत नावाची चिठ्ठी होती. मी ती त्यांच्याच घरी घेऊन गेले. म्हटलं आबा, तुमच्या डोक्यावरची विटली आहे, ही घाला. त्यांनी ती घेतली आणि आत ठेवून दिली. पण आज सकाळी डेअरीकडे जाताना त्यांना बघितलं, नव्या टोपीत ओट्यावर बसले होते.

भगोणं अजून अर्ध्यावरही आलेलं नाही. ते रिकामं झालं की मी ते घासणार आहे, चिंच लावून पाठीचं पितळही उजळणार आहे, आणि पुन्हा पडवीत ठेवणार आहे. पालथं नाही, सुलटं, येणाऱ्या-जाणाऱ्याला आतली कल्हई दिसेल असं. देवळात ते जाणार नाही. तू कशासाठी कल्हई केलीस ते तू सांगितलं नाहीस, तेव्हा आता मी सांगते. माझ्यासाठी केलीस. हा माझा शेवटचा शब्द आहे. इतकी वर्षं तू मला हरवत आलीस, या भांडणात मी जिंकले, आणि आता तू मध्ये बोलायचं नाहीस.

काल तिन्हीसांजेला पडवीतून जाताना भगोण्याच्या पोटावर मी टिचकी मारून बघितली. भरलेलं आहे ना, वाजलं नाही.

बोल की गं काहीतरी.